शेजारी कोण?

१

चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात विशाखा कामाला होती तिथं तिला सगळे 'चाळणी मॅडम' म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिला ते नाव मनापासून आवडायचं. माल पुरवणाऱ्या गावोगावच्या लोकांच्या माहितीच्या फायली तिच्याकडे यायच्या. कुणी नाव लिहून पत्ता विसरलेलं, कुणी पत्ता लिहून मोबाईल नंबर. विशाखानं एक छोटीशी स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये टाकायच्या, बटण दाबायचं, की ज्या ओळीत एक जरी रकाना रिकामा असेल ती ओळ गायब. उरलेल्यांची एक स्वच्छ फाईल तयार. ओळीत काय लिहिलंय याच्याशी स्क्रिप्टला काही देणंघेणं नव्हतं. काय लिहिलेलं नाही, तेवढं ती बघायची.

एक दिवस धम्मपालचा फोन आला. धम्मपाल म्हणजे दहावीचा मॉनिटर. आता उस्मानपुऱ्यात त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, आणि आवाज होता तसाच, अख्ख्या वर्गाला गप्प बसवणारा.

"विशाखा, आपल्या बॅचला पंचवीस वर्षं झाली. शाळेतच भेटायचं ठरलंय, आपल्याच वर्गात, आपल्याच बाकांवर. पोरं माझ्याकडं अर्धीमुर्धी माहिती पाठवायलीत, माझं डोकं फुटायची वेळ आली. तुझी ती चाळणी आपल्याकडं लाव की!"

विशाखा एका पायावर तयार झाली. ग्रुपवर तर लग्नघराचा गोंधळ चालला होता. कोण टकला झाला, कोण आजोबा होणार, जेवणात नान-खलिया की पुरणपोळी. या शेवटच्या प्रश्नावर दोन तट पडले, रुसवेफुगवे झाले आणि अखेर दोन्ही ठरलं. विशाखा मोबाईल हातात धरून एकटीच खो-खो हसायची.

शाळेत मात्र तिला कुणी असं हसवलं नव्हतं. कुणी वाईट वागलं म्हणून नव्हे. वर्गात मुलींची संख्या विषम होती, सगळ्यांच्या जोड्या जमल्या आणि खिडकीकडचा तिसरा बाक तिच्या एकटीच्या वाट्याला आला, इतकंच. दहावीच्या फोटोतही ती कडेला आहे, अर्धा चेहरा कापला गेलेला. आणि आता त्याच ग्रुपचं विशाखावाचून पान हलत नव्हतं. या वेळी आपण पुरत्या त्यांच्यातल्या एक असणार, या विचारानं चाळिशी ओलांडलेल्या त्या बाईला झोपेतसुद्धा गुदगुल्या व्हायच्या.

२

फॉर्म तयार झाला. नाव, मोबाईल, राहण्याचं ठिकाण, कामधंदा, टी-शर्टाचं माप. आणि मेघाच्या आग्रहानं एक शेवटचा रकाना: बाकावर शेजारी कोण बसायचं?

हा रकाना दांडगे सरांसाठी होता. सरांची हजेरी घ्यायची तऱ्हाच वेगळी. पोरं गैरहजर मित्राच्या नावानं परस्पर ओरडतात म्हणून त्यांनी नियम केला होता, की ज्याचं नाव पुकारलं त्यानं तोंड मिटून बसायचं, 'हजर' म्हणायचं ते शेजाऱ्यानं. शेजारी खोटं बोलला तर छडी दोघांना. मग सगळा वर्ग एकमेकांची हजेरी द्यायचा. विशाखाला शेजारीच नव्हता. तिचं नाव आलं की सर विचारायचे, "शेजारी कोण?" ती उभी राहून म्हणायची, "कुणी नाय, सर." सर चष्मा वर करून तिला नीट बघायचे आणि मग खूण करायचे. दहा महिने, रोज.

सर आता ऐंशीच्या घरात होते, तरी येणार होते आणि त्याच पद्धतीनं हजेरी घेणार होते. विशाखाच्या फाईलवरूनच त्यांची यादी छापायची होती, टी-शर्ट आणि बाकांवरच्या नावाच्या पाट्याही त्यावरूनच.

फॉर्म नीट चालतो का हे बघायला तिनं पहिली स्वतःची माहिती भरली. शेवटच्या रकान्याशी बोट थांबलं. 'कुणी नाही' असं लिहायला जीवावर आलं. बघू नंतर, म्हणून तिनं तो तसाच सोडला आणि ग्रुपवर धमकी टाकली, 'अर्धवट भरलेल्या ओळी स्क्रिप्ट उडवेल. नंतर रडत येऊ नका.'

खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

३

पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली तेव्हा बऱ्याच ओळी उडाल्या. एरवी उडालेल्याकडं विशाखा ढुंकून बघत नसे, पण इथं माणसं आपली होती. त्यांना फोन करून माहिती मागता यावी म्हणून तिनं उडालेल्या ओळी वेगळ्या फाईलीत साठवल्या. तिची स्वतःचीही त्यात होती, ती शेवटी भरू म्हणून तिनं सोडली. आणखी एक ओळ होती. नाव: सुलेखा. बाकी सगळे रकाने रिकामे.

सुलेखा नावाची मुलगी वर्गात असल्याचं तिला आठवेना. कुणाच्या तरी लेकरानं मोबाईलशी खेळताना केलं असेल म्हणून तिनं ते सोडून दिलं.

दोन दिवसांनी फायलीत नवी भर पडली, स्क्रिप्ट पुन्हा चालली. सुलेखा पुन्हा उडालेल्यांत. पण या वेळी ठिकाणाचा रकाना भरलेला होता, गारखेडा. विशाखासुद्धा गारखेड्यालाच राहायची.

पुढच्या वेळी कामधंदा भरलेला होता: वाट बघते.

"धम्मपाल, थट्टा पुरे झाली हं," तिनं फोन लावून दटावलं.

"कसली थट्टा? मी इथं मांडववाल्याशी भांडायलोय."

विशाखानं फॉर्म बंद करून टाकला. आता कुणाला काही भरता येणार नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं, वर पंखा फिरत होता, आणि तिनं सहज म्हणून स्क्रिप्ट चालवली. सुलेखाच्या ओळीत टी-शर्टाचं माप आलं होतं. माप विशाखाचंच होतं. मोबाईलच्या रकान्यात नंबर होता आणि तोही तिचाच.

लाकडावरून कुणी सरकावं तसा बारीकसा आवाज झाला. विशाखानं मान वळवली. ऑफिसात लाकडाचं काहीच नव्हतं, खुर्च्या सगळ्या प्लास्टिकच्या. आपण खुर्चीच्या डाव्या कडेला, जेमतेम अर्ध्या जागेत बसलोय, एवढं तिच्या लक्षात आलं. यात नवल काही नव्हतं, ती नेहमी तशीच बसायची.

एका ओळीच्या डोक्यावर दुसरी चिकटते, नंबर इकडचे तिकडे होतात, असे घोळ फायलींत हजारदा होतात. तिनं स्वतःला हे अगदी पटवून दिलं आणि डबा उघडला.

४

तरी तिनं मेघाला विचारलंच. मेघा म्हणजे ग्रुपची जान, कुठल्याही गोष्टीवर आधी हसणार आणि मग ऐकणार.

"सुलेखा?" मेघा म्हणाली, "अगं ती नाय का, लई हसायची! काय बाई हसायची, मराठीच्या तासाला बाहेरच काढलं होतं तिला."

"कुठल्या बाकावर बसायची?"

"आता ते कसं आठवणार? पण खिडकीकडं व्हती बघ."

धम्मपाललाही ती आठवत होती. ग्रुपवर विचारलं तर आणखी चौघांना आठवली. कुणाला तिचं हसणं, कुणाला तिचा आवाज. चेहरा कुणीच सांगितला नाही. पण नाव निघताच सगळे इतके खुलले, की आपल्यालाच कसं आठवत नाही याची विशाखाला लाज वाटली. हो, हो, आठवली, असं तिनंही खोटंच लिहून टाकलं.

घरी तिची आई, कडूबाई, गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. कडूबाईंचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती.

"आई, माझ्या वर्गात सुलेखा होती का गं कुणी?"

"नाव काय म्हाईत नाय मला. पण तुझ्या शेजारची व्हती ना एक? तू डबा दोघींचा न्यायचीस. चार भाकरी थापून थापून माझं कंबरडं मोडायचं. म्या म्हणायची, ही काडीसारखी पोर चार भाकरी खाती कुठं?"

"मी नेत होते चार?"

"तर! रिकामा डबा आणायचीस. आन् अजून तुझी ती खोड गेली नाय. कुठंबी बसली तर अर्धी जागा सोडून बसती. रिक्षात बसती तशीच, पलंगावर निजती तशीच. कुणासाठी सोडतीस गं?"

विशाखा गच्चीच्या पायरीवर बसली होती. पायरीचा उजवा अर्धा भाग मोकळा होता. तिथं ऊन पडलेलं होतं. ती हसली, "सवय गं," म्हणाली आणि उठून मिरच्या पसरू लागली. पायरीकडं तिनं पुन्हा बघितलं नाही.

५

यादी छापायला द्यायची दुपार आली. गुलमंडीवरचा छापखानावाला तासातासाला फोन करत होता. सुलेखाच्या ओळीत आता एकच रकाना रिकामा उरला होता. बाकावर शेजारी कोण बसायचं?

विशाखा त्या रिकाम्या चौकोनाकडं बराच वेळ बघत बसली. तिला भीती वाटत होती, आणि का वाटतेय हे सांगता येत नसल्यामुळं ती जास्तच वाटत होती. ती ओळ तिनं मूळ फाईलीतूनच खोडली, फाईल बंद केली आणि चहा घेऊन आली. मग शेवटची एकदा स्क्रिप्ट चालवली. उडालेल्या ओळींची फाईल उघडून नाव शोधलं: सुलेखा.

सापडलं नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. गेली एकदाची! उडालेल्यांत आणखी कोण आहे हे बघायलाही ती थांबली नाही. स्वच्छ फाईल न उघडताच छापखान्यात पाठवून दिली. ऑफिसातल्या सगळ्यांना इमरती खाऊ घातली, आणि पोरींनी कारण विचारलं तर म्हणाली, "माझी दहावी सुटली आज."

६

रविवारची सकाळ कशी लख्ख होती! शाळेच्या फाटकाला झेंडूची तोरणं, आत हलगी कडाडत होती, आणि ज्यांना डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं ते हलगीपुढं नाचत होते. विशाखा पिवळी साडी नेसून आली होती. हातात डबा होता. जेवणाची सोय असताना डबा कशाला, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. सकाळी हात आपोआप चालले होते, चार भाकरी झाल्या होत्या.

"आलीस व्हय चाळणी!" धम्मपाल लांबूनच ओरडला. तिला भरून आलं. शाळेच्या दारात तिला कुणी नावानं हाक मारण्याची ही पहिलीच वेळ.

टेबलावर मोहरीच्या रंगाचे टी-शर्ट रचलेले होते, पाठीवर प्रत्येकाचं नाव. भराभर वाटप झालं. शेवटी एकच उरला, आणि विशाखानं हसत हात पुढं केला. पाठीवर नाव होतं सुलेखा.

"माझा कुठंय?"

"असंल की," धम्मपाल म्हणाला. "आन् हा राहू दे इथंच. येईल ती, वाटंवर असंल." त्यानं तो टी-शर्ट मायेनं घडी घालून ठेवला.

छापखानावाल्याची चूक, विशाखानं मनाशी म्हटलं. पण त्यानंतर काहीतरी बारीकसं बिनसलं. फोटोसाठी रांग लावली तेव्हा दोघं तिच्यापुढं येऊन उभे राहिले, सहज, खांबापुढं उभं राहावं तसे. चहाचा ट्रे तिच्यासमोरून पुढं गेला. सगळे हसत होते, गळ्यात पडत होते, हलगी वाजत होती. तिनं मेघाचा दंड धरला तेव्हा मेघानं वळून बघितलं, छान हसली आणि अदबीनं विचारलं,

"ताई, तुम्ही कुणासोबत आलात?"

"मेघा, मी विशाखा."

"अच्छा अच्छा," मेघा म्हणाली आणि पुढं कुणाला तरी हाक मारत निघून गेली.

थट्टा म्हणावी तर मेघाला हसू न दाबता थट्टा करता येत नव्हती. टेबलाकडं बघितलं तर घडी घातलेला टी-शर्ट तिथं नव्हता.

७

वर्ग तोच. तेच बाक, नव्यानं रंगवलेले. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर उजव्या बाजूला पाटी होती: सुलेखा. डाव्या बाजूला काहीच नव्हतं. विशाखा जाऊन तिथं बसली, भिंतीच्या बाजूला, जशी दहा महिने बसली होती. डबा मांडीवर घेतला. उजवीकडं बघितलं नाही.

दांडगे सर आले. सगळे उठले, टाळ्या झाल्या, दोघीतिघी रडल्या. सरांनी यादी हातात घेतली, चष्मा सावरला आणि एकदम तोच जुना कडक आवाज लावला. "गप्प बसा रे! ज्याचं नाव त्यानं तोंड मिटायचं. सांगायचं शेजाऱ्यानं."

वर्ग आनंदानं किंचाळला. एकेक नाव, आणि शेजारून एकेक 'हजर'. कुणी मित्राचा हात धरून वर केला, कुणी टपली मारून. ज्याचा शेजारी वारला होता त्याच्यापाशी सर आपण होऊन जाऊन बसले आणि म्हणाले, "याची मी देतो." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू.

"सुलेखा," सरांनी पुकारलं.

सगळा वर्ग वळून तिसऱ्या बाकाकडं बघू लागला, हसऱ्या चेहऱ्यांनी, वाट बघत. उत्तर शेजाऱ्यानं द्यायचं होतं. विशाखाचे ओठ हलले नाहीत. सरांनी क्षणभर थांबून पुढचं नाव घेतलं.

यादी संपली. विशाखाचं नाव आलंच नाही. आणि तिला एकदम आठवला तो शेवटचा रकाना, बघू नंतर म्हणून सोडलेला. तिच्याच स्क्रिप्टनं तिला उडवून लावलं होतं, आणि सगळे रकाने भरलेली सुलेखा स्वच्छ फाईलीत जाऊन बसली होती.

"कुणाचं राहिलं का?" सरांनी कागदाची घडी घालत विचारलं.

विशाखा उभी राहिली. "सर, माझं राहिलं. विशाखा."

सरांनी चष्मा वर केला. त्यांची नजर तिच्यावर आली, भिंतीवर गेली, परत आली. "यादीत तर नाय, बाई." मागं कुणीतरी कुजबुजलं, कोण आहेत या? विशाखानं धम्मपालकडं बघितलं, मेघाकडं बघितलं. सगळ्यांच्या डोळ्यांत परक्या पाहुणीला द्यावा तेवढा आदर होता, बाकी काही नव्हतं. पंचवीस वर्षांनी मिळालेली ही माणसं आता दाराबाहेर गेली की आपण त्यांच्या लेखी कधी नव्हतोच, हे तिला स्वच्छ कळलं.

"शेजारी कोण?" सरांनी विचारलं. तेच शब्द, तोच सूर.

कुणी नाय, सर, हे ओठांवर आलंच होतं. तिनं ते गिळलं.

"सुलेखा, सर," विशाखा म्हणाली.

"मग तिला सांगू दे."

वर्ग चिडीचूप झाला. बाहेरची हलगीही थांबली होती. खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती. लाकडावरून कुणीतरी सरकल्याचा आवाज झाला, आणि अगदी विशाखाच्या कोपराजवळून, हसू दाबलेला, कोवळा, शाळकरी आवाज आला.

"हजर, सर."

छप्पर उडेल एवढा गलका झाला. "विशाखा! अगं चाळणी!" मेघा बाक ओलांडून आली आणि तिच्या गळ्यात पडली. "कुठं लपली व्हतीस मघापासून?" धम्मपाल शिट्ट्या मारत होता. सरांनी पेन काढून यादीच्या तळाशी तिचं नाव लिहिलं आणि डोळे मिचकावून म्हणाले, "आन् सुलेखा?"

"हजर, सर!" विशाखा सगळा जीव लावून ओरडली. ती रडत होती आणि हसत होती. इतकं सुख तिला आयुष्यात झालं नव्हतं. टाळ्यांच्या कडकडाटात ती मटकन खाली बसली, नेहमीसारखी अर्ध्या जागेत. डोळ्याच्या कडेला मोहरीच्या रंगाची बाही दिसली, घडीची रेघ अजून न मोडलेली. बाहीतून बाहेर आलेलं बोट तिच्या डब्याच्या झाकणावर टकटक करत होतं. तिनं मान वळवली नाही.

"सरक की जरा," शेजारून आवाज आला.

विशाखा सरकली.

"अजून जरा."

ती हसत हसत आणखी सरकली, भिंतीला पाठ आणि खांदा टेकेपर्यंत. भिंत गार होती. समोर सगळा वर्ग तिच्याकडं बघून टाळ्या वाजवत होता.

"अजून," सुलेखा म्हणाली.